वासराच्या पोटातले सूक्ष्मजीव: पहिल्या चिकापासून दूध तोडेपर्यंत

नुकतं जन्मलेलं वासरू पचनाच्या दृष्टीनं अजून रवंथ करणारं जनावर नसतं. त्याच्या चार पोटांपैकी काम करतं ते चौथं, म्हणजे खरं पोट. चारही पोटांच्या एकूण आकारमानात जन्मावेळी त्याचा वाटा साधारण 60 टक्के असतो. मोठ्या गाईत चित्र नेमकं उलटं दिसतं. तिथं कोटीपोट, म्हणजे चारा आंबवणारं सर्वांत मोठं पोट, एकटंच 80 टक्क्यांच्या आसपास जागा व्यापतं आणि खरं पोट जेमतेम 7-8 टक्क्यांवर येतं. हा बदल नुसत्या वयानं होत नाही. केवळ दुधावर ठेवलेलं वासरू काही महिन्यांचं झालं तरी त्याचं कोटीपोट लहान आणि पातळ भिंतीचंच राहतं. कोटीपोट घडवतात ते त्यात राहणारे सूक्ष्मजीव आणि त्यांनी खाद्य आंबवून तयार केलेली आम्लं.

म्हणूनच वासरू सांभाळणारा माणूस एकाच वेळी दोन जीवसृष्टी सांभाळत असतो. एक डोळ्यांना दिसते, दुसरी दिसत नाही. हा लेख त्या दुसरीबद्दल आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट सांगतो, कारण पुढच्या सगळ्या पायऱ्या तिच्यावर उभ्या आहेत. उपयोगी जंतू वासराच्या पोटात घालण्यासाठी फार धडपडायची गरज नसते, ते आपणहून येतात. 2013 साली इस्रायलमधल्या संशोधकांनी एक दिवसाच्या वासरापासून दोन वर्षांच्या गाईपर्यंत वेगवेगळ्या वयांच्या जनावरांच्या कोटीपोटातले जिवाणू तपासले. प्रौढ गाईच्या पचनाला लागणारे काही जिवाणू त्यांना एक दिवसाच्या वासरातही सापडले, म्हणजे त्यानं गवताची काडी तोंडात घेण्याच्या कितीतरी आधी. बी पडलेलं असतंच. ते उगवेल का, हे आपण दिलेल्या परिस्थितीवर ठरतं. पालकाचं काम आहे जागा, खाद्य, पाणी आणि क्रम सांभाळण्याचं.

आधी क्रम समजून घ्या

जन्मानंतर पहिल्या दिवसातच पचनमार्गात पहिले पाहुणे येतात. व्यायच्या मार्गातून, आईच्या जिभेतून आणि सडांवरून, जमिनीवरून आणि हवेतून. यांत ई. कोलाय आणि स्ट्रेप्टोकोकस गटातले जिवाणू भरपूर असतात. ते प्राणवायूतही जगतात आणि त्याच्याशिवायही. ते पोटातला शिल्लक प्राणवायू वापरून संपवतात आणि ज्यांना प्राणवायू विषासमान आहे अशा जिवाणूंसाठी जागा तयार करतात. पहिल्या आठवड्याच्या आतच तंतू पचवणारे आणि मिथेन तयार करणारे सूक्ष्मजीव तिथं सापडू लागतात. कोकरांमध्ये हे तिसऱ्या-चौथ्या दिवशीच दिसलेलं आहे. त्यामागून बुरशी येते आणि प्रोटोझोआ, म्हणजे एकपेशीय सूक्ष्मजीव, बहुधा सर्वांत शेवटी. त्यांना स्थिरावायला काही आठवडे लागतात.

आतड्यात वेगळी वस्ती वसते. तिथं दूध मिळतं, त्यामुळे लॅक्टोबॅसिलस आणि बिफिडोबॅक्टेरियम हे दुधातल्या साखरेवर जगणारे गट पहिल्या काही दिवसांत जोर धरतात. कोटीपोटाची चर्चा पुष्कळ होते, पण पहिल्या तीन आठवड्यांत वासरू जगेल की दगावेल हे बहुतांशी आतड्यातली ही वस्तीच ठरवते.

आधीचा गट पुढच्या गटासाठी वाट करतो. त्यामुळे मधली पायरी गाळून पुढं उडी मारता येत नाही. म्हशीच्या रेडकांना, शेळीच्या करडांना आणि मेंढीच्या कोकरांनाही हाच क्रम लागू आहे. करडा-कोकरांत तो थोडा लवकर पुरा होतो.

पायरी 1: व्यायची जागा

पहिले पाहुणे कोण असतील हे पहिल्या तासात ठरतं. ओल्या, शेणानं भरलेल्या जागेत वासरू पडलं तर चिकाच्या आधी शेण त्याच्या तोंडात जातं. व्यायच्या जागी कोरडा, स्वच्छ आणि जाड बिछाना हवा. प्रत्येक वेताआधी तो बदलावा. आजारी जनावरं ठेवायची जागा व्यायला वापरू नये. गाईची कास आणि मांड्या धुऊन पुसून घ्याव्यात. नाळेला लगेच टिंक्चर आयोडीन लावावं, कारण जंतूंना शरीरात शिरायचा तो दुसरा उघडा दरवाजा आहे.

गाईनं वासराला चाटू द्यावं. त्यानं वासरू कोरडं होतं, त्याचा रक्तप्रवाह सुधारतो, आणि निरोगी आईच्या तोंडातले जंतूही त्याला मिळतात.

पायरी 2: चीक

इथं घाई करावी, आणि भरपूर करावी.

वासराच्या आतड्याची भिंत जन्मानंतर थोडाच काळ प्रतिपिंडांसारखे (रोगाशी लढणारी चिकातली प्रथिनं) मोठे रेणू जसेच्या तसे रक्तात जाऊ देते. तासागणिक ही क्षमता घटते आणि 24 तासांत जवळजवळ संपते. दुसऱ्या बाजूला ई. कोलाय त्याच आतड्यात झपाट्यानं वाढत असतो. ही शर्यत चिकानं जिंकली पाहिजे. जन्मल्यावर दोन तासांच्या आत, फार तर चार तासांत, वजनाच्या 10 टक्के चीक पोटात गेला पाहिजे. 30 किलोच्या वासराला 3 लिटर. त्यानंतर 8 ते 12 तासांत आणखी 5 टक्के. गाईखाली सोडलं की ते पोटभर पितंच, असं गृहीत धरू नका. पहिला चीक मोजून पाजलेला बरा.

चिकाचा दर्जा त्याच्या दाटपणावरून ओळखता येत नाही. ब्रिक्स, म्हणजे चिकात विरघळलेल्या घटकांचं प्रमाण, मोजणारं छोटं उपकरण मिळतं, त्यात एक थेंब टाकावा. 22 टक्के किंवा त्याहून जास्त आलं तर चीक चांगला. त्यापेक्षा कमी आला तर दुसऱ्या गाईचा साठवलेला चांगला चीक द्यावा. फ्रीजमध्ये 4 अंश सेल्सियसला चीक एक-दोन दिवस राहतो, गोठवला तर कित्येक महिने. वितळवताना कोमट पाण्यात ठेवावा. फार गरम पाण्यानं प्रतिपिंडं नासतात.

चिकाची स्वच्छता आणि जंतूंची वस्ती यांचा थेट संबंध आहे. घाणेरड्या भांड्यात काढलेला किंवा तासन्‌तास उघडा ठेवलेला चीक जिवाणूंनी भरून जातो. ते जिवाणू प्रतिपिंडांना धरून ठेवतात आणि त्यांच्या शोषणात अडथळा आणतात. म्हणजे चीक उत्तम असूनही उपयोग अर्धवट. काही मोठ्या गोठ्यांत चीक 60 अंश सेल्सियसवर 60 मिनिटं तापवून देतात. त्यानं रोगजंतू घटतात आणि प्रतिपिंडं बहुतांशी टिकतात. तापमान त्यापेक्षा वर गेलं तर नुकसान होतं, म्हणून खात्रीचा थर्मामीटर नसेल तर हा प्रयोग करू नये.

चिकात प्रतिपिंडांशिवाय आणखी खूप काही असतं. वाढीला चालना देणारे घटक आणि खास प्रकारच्या साखरसाखळ्या त्यात असतात. या साखळ्या बिफिडोबॅक्टेरियमसारख्या उपकारक जिवाणूंचं अन्न आहेत, आणि त्यांतल्या काही रोगजंतूंना आतड्याच्या भिंतीला चिकटू देत नाहीत. म्हणून पहिल्या दिवसानंतर प्रतिपिंडं रक्तात जात नसली तरी दुसऱ्या ते चौथ्या दिवसाचं चिकमिश्रित दूध वासरालाच द्यावं. ते आतड्यात राहून काम करतं. हे दूध विकता येत नाही म्हणून फेकून दिलेलं पाहिलं की वाईट वाटतं.

पायरी 3: दूध, आणि ते कुठं जातं

वासरू चोखायला लागलं की अन्ननलिकेच्या शेवटी असलेली खाच मिटून नळीसारखी होते आणि दूध कोटीपोटाला वळसा घालून थेट खऱ्या पोटात उतरतं. ही खाच नीट मिटली नाही तर दूध कोटीपोटात सांडतं आणि तिथं आंबतं. अशी वासरं निस्तेज दिसतात, केस राठ होतात, पोट वरचेवर फुगतं आणि शेण करड्या मातीसारखं चिकट होतं. या अवस्थेत कोटीपोटात लॅक्टिक आम्ल साठतं आणि नुकती वसू लागलेली वस्ती कोलमडते.

खाच मिटावी म्हणून दूध 38 ते 40 अंश सेल्सियस, रोज ठरलेल्या वेळी आणि शक्यतो बोंडीतून द्यावं. बोंडी अशा उंचीवर हवी की वासराला मान किंचित पुढं ताणावी लागेल. बोंडीचं भोक मोठं करू नये. चोखायला वेळ लागतो तो लागू द्यावा. नळीनं घशाखाली दूध सोडण्याची सवय घातक आहे, कारण नळीतून दिलेलं दूध खाच न मिटता कोटीपोटात पडतं. कमकुवत वासराला पहिला चीक नळीनं द्यावा लागला तर हरकत नाही, तेवढ्यापुरताच.

दूध किती द्यावं यावर मतं बरीच आहेत. वजनाच्या 10 टक्के हा जुना नियम. त्यामागचा हिशेब असा की भुकेलं वासरू लवकर खुराकाला लागतं. माझं मत या हिशेबाच्या विरोधात आहे. पहिल्या तीन-चार आठवड्यांत वासराला खुराक फारसा पचवता येत नाही. त्या काळात उपाशी ठेवलेलं वासरू फक्त अशक्त होतं. सुरुवातीला 15 टक्क्यांपर्यंत किंवा त्याहून थोडं जास्त द्यावं आणि पुढं सावकाश कमी करत आणावं.

पायरी 4: पाणी

दूध पितंय म्हणजे पाणी मिळतंय, असं समजून अनेक वासरं पहिले कित्येक आठवडे पाण्याविना ठेवली जातात. पण दूध खऱ्या पोटात जातं आणि साधं प्यायलेलं पाणी कोटीपोटात. जंतूंना तरंगायला, वाढायला आणि खाद्य आंबवायला हेच पाणी लागतं. ते नसेल तर कोटीपोटात गेलेला खुराक नुसता पडून राहतो. 1984 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन प्रयोगात वासरांना दुधाव्यतिरिक्त पाणी दिलं नाही, तेव्हा त्यांचा खुराक 31 टक्क्यांनी आणि वजनवाढ 38 टक्क्यांनी घटली.

पहिल्या दोन-तीन दिवसांतच स्वच्छ पाण्याची बादली ठेवावी. थंडीत पाणी कोमट द्यावं. पाण्याची आणि खुराकाची भांडी शेजारी शेजारी ठेवू नयेत, कारण वासरू भरल्या तोंडानं दुसऱ्या भांड्यात जातं आणि दोन्ही नासतात.

पायरी 5: खुराक

कोटीपोटाच्या आतल्या भिंतीवर बोटांसारखे अंकुर असतात आणि त्यांतून आम्लं रक्तात शोषली जातात. मोठ्या गाईला लागणाऱ्या ऊर्जेचा सुमारे 70 टक्के भाग याच वाटेनं मिळतो. जन्मावेळी हे अंकुर अगदी खुजे असतात. ते कशानं वाढतात? 1950 च्या दशकात अमेरिकेत यावर प्रयोग झाले. वासरांच्या कोटीपोटात स्पंज आणि प्लास्टिकचे कुंचले यांसारख्या निर्जीव वस्तू ठेवून पाहिल्या, तेव्हा पोटाचा आकार वाढला पण अंकुर वाढले नाहीत. ब्युटिरिक आणि प्रोपिऑनिक आम्लांचे क्षार सोडले, तेव्हा अंकुर वाढले. ही आम्लं सर्वांत जास्त मिळतात ती धान्य आंबवल्यावर. नुसतं गवत आंबवल्यावर मुख्यतः ॲसिटिक आम्ल तयार होतं आणि त्याचा अंकुरांवर प्रभाव कमी असतो.

म्हणून गवताआधी धान्याचा खुराक. वासराला गवत नैसर्गिक आणि धान्य कृत्रिम वाटत असेल असं आपल्याला वाटतं, पण पहिल्या दोन महिन्यांत नेमकं उलटं पथ्य पाळावं लागतं.

तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून मूठभर काफ स्टार्टर, म्हणजे वासरांसाठीचा धान्याचा खुराक, समोर ठेवावा. दूध पिऊन झालं की थोडा तोंडाला चोळावा. वासरू पहिले दोन आठवडे चाखण्यापलीकडे काही करणार नाही. तरी रोज उरलेला काढून ताजा भरावा, कारण लाळेनं भिजलेला खुराक आंबतो आणि वासरू त्याकडं पाठ फिरवतं. प्रथिनं 18 ते 20 टक्के असावीत. खुराक पिठासारखा बारीक नसावा. भरडलेले, चेपलेले दाणे किंवा मऊ गोळ्या चांगल्या. बारीक पीठ झपाट्यानं आंबतं, सामू (पीएच) घसरतो म्हणजे आम्लता वाढते, आणि अंकुर एकमेकांना चिकटून त्यांच्यावर कठीण थर चढतो. मग अंकुर असूनही शोषण होत नाही.

मोठ्या जनावरांचा खुराक वासराला देऊ नये. त्यात युरिया असू शकतो. युरियातला नत्र पकडून त्याची प्रथिनं बनवायला जिवाणूंची भक्कम वस्ती लागते. ती नसताना तयार होणारा अमोनिया रक्तात जातो आणि विषबाधा होते. तीन महिन्यांच्या आत युरिया नकोच.

पायरी 6: चारा, मोजकाच

चाऱ्यानं कोटीपोटाचे स्नायू काम करायला लागतात, रवंथ सुरू होतो आणि लाळ सुटते. लाळ आम्लता आवरते. शिवाय काडीच्या घर्षणानं अंकुर स्वच्छ राहतात. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून 2-3 सेंटिमीटर लांबीचं कापलेलं, पानाळ, बुरशी न लागलेलं वाळलं गवत द्यावं, पण एकूण कोरड्या खाद्याच्या 5 ते 10 टक्क्यांच्या वर नाही. जास्त दिलं तर पोट भरल्यासारखं होतं आणि खुराक मागं पडतो. पोट सुटलेलं, पण पाठीवर मांस नसलेलं वासरू पाहिलं की समजावं, चारा लवकर आणि फार झाला.

मूरघास आणि ओला चारा दूध तुटल्यानंतरच, तोही हळूहळू.

सोबत, आणि जंतू देण्याघेण्याचा प्रश्न

कोटीपोटातले प्रोटोझोआ वाळल्यावर मरतात आणि टिकाव धरणारं कवच करून राहत नाहीत. त्यामुळे ते एका जनावराकडून दुसऱ्याकडं लाळेतून, चाटण्यातून, सामायिक भांड्यातूनच जातात. पूर्ण एकट्या ठेवलेल्या वासरात ते येतच नाहीत. ते नसले तरी जनावर जगतं, त्यामुळे त्यासाठी घाबरायचं कारण नाही. पण जोडीनं ठेवलेली वासरं एकट्या वासरांपेक्षा खुराक लवकर आणि जास्त खातात, आणि तेवढं कारण पुरेसं आहे. एकाच वयाची, निरोगी वासरं दोन-दोन करून ठेवावीत.

मोठ्या गाईच्या कोटीपोटातला द्राव वासराला पाजण्याचे प्रयोग अनेक दशकांपासून चालू आहेत. प्रोटोझोआ त्यानं लवकर स्थिरावतात, पण वजनात खात्रीचा फरक पडत नाही. दुसऱ्या बाजूला जोन्स रोगासारखे (आतड्याचा जुनाट, हगवण लावणारा रोग) आजार मोठ्या जनावरांच्या शेणातून नेमके लहान वयातच लागतात आणि वर्षांनंतर उघड होतात. म्हणून निरोगी वासरासाठी हा उपाय मी सुचवत नाही, आणि मोठ्या गाईचं शेण वासरांपासून दूर ठेवावं हा आग्रह धरतो.

एक अपवाद मात्र मोलाचा आहे. सुबाभळीतल्या मिमोसिन या विषारी घटकानं ऑस्ट्रेलियात गुरं आजारी पडत, हवाईमधल्या शेळ्या मात्र तोच पाला मजेत खात. 1980 च्या दशकात रेमंड जोन्स या शास्त्रज्ञानं हवाईच्या शेळ्यांमधले सूक्ष्मजीव ऑस्ट्रेलियातल्या जनावरांना दिले आणि विषबाधा थांबली. विष मोडणाऱ्या त्या जिवाणूला पुढं सिनर्जिस्टिस जोन्सी हे नाव मिळालं. तिथं एक विशिष्ट जिवाणू खरोखरच गायब होता, म्हणून तो आणून घालण्याला अर्थ होता. सर्वसाधारण वासरात तशी उणीव नसते. यीस्ट किंवा लॅक्टोबॅसिलसची पूरक पावडर काही ठिकाणी हगवण कमी करते, काही ठिकाणी काहीच करत नाही. चीक, पाणी आणि खुराक नीट असतील तर ती हवी तर वापरावी. त्यांच्या जागी नाही.

हगवण आणि प्रतिजैविकं

पहिल्या चार-पाच दिवसांतली पाण्यासारखी हगवण बहुधा ई. कोलायची असते. त्यानंतर तिसऱ्या आठवड्यापर्यंत रोटाव्हायरस, कोरोनाव्हायरस हे विषाणू आणि क्रिप्टोस्पोरिडियम हा परजीवी यांचा भर असतो. या तिघांवर जिवाणूनाशक प्रतिजैविकांचा उपयोग होत नाही, उलट आतड्यातली उपकारक वस्ती उजाड होते आणि ती पुन्हा वसायला वेळ लागतो. वासरू मरतं ते मुख्यतः पाणी आणि क्षार गमावल्यानं. म्हणून पहिला उपाय क्षारजलाचा, म्हणजे क्षार घातलेल्या पाण्याचा. दूध बंद करू नये, कारण आतड्याची भिंत भरून यायला तेच अन्न आहे. दूध नेहमीच्या वेळी आणि क्षारजल त्याच्या दोन तास आगेमागे द्यावं. मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडावी. ती लगेच सपाट झाली नाही, डोळे खोल गेले, वासरू उठेना किंवा चोखेना, ताप असेल किंवा अंग गार पडलं असेल, तर पशुवैद्याला त्याच तासाला बोलवावं. प्रतिजैविक द्यायचं की नाही, ते त्यांनीच ठरवावं.

उपचार चालू असलेल्या गाईचं, औषधाचे अंश असलेलं दूध वासरांना पाजण्याची पद्धत बरीच रूढ आहे. ते दूध वाया जात नाही हे खरं, पण त्यातलं थोडं थोडं औषध रोज आतड्यात जाऊन औषधाला न जुमानणारे जिवाणू निवडून वाढवतं. पुढं तेच वासरू आजारी पडलं की औषध चालत नाही. हे थांबवायला हवं.

दूध तोडणं

तारीख पाहून दूध तोडू नये. खुराक पाहून तोडावं. वासरू चांगला खुराक खायला लागल्यापासून कोटीपोट तयार व्हायला साधारण तीन आठवडे लागतात. मोठ्या चणीच्या वासरानं सलग तीन दिवस रोज किलोभर खुराक खाल्ला, दिवसातून अनेकदा रवंथ केला आणि शेण घट्ट होत आलं, तर पोट तयार आहे. बहुतेक वासरं आठव्या आठवड्याच्या आसपास इथं पोचतात. लहान चणीच्या जातींत खुराकाचा आकडा वजनाच्या प्रमाणात कमी धरावा. खुराक रोज तोलून भिंतीवर लिहून ठेवावा. अंदाजानं दिलेला आकडा जवळजवळ नेहमीच फुगलेला असतो.

दूध 10 ते 14 दिवसांत टप्प्याटप्प्यानं कमी करावं, म्हणजे जिवाणूंना वाढत्या धान्याशी जुळवून घ्यायला वेळ मिळतो. एकदम तोडलं तर वासरू अचानक खुराकावर तुटून पडतं, आम्लता वाढते, पातळ आणि फेसाळ शेण दिसतं, वजन थांबतं. असं झालं तर दूध पुन्हा थोडं सुरू करावं, खुराकाचं प्रमाण वाटून दोन-तीन वेळा द्यावं आणि वाळलं गवत जरा वाढवावं.

दूध तुटल्यावर दोन आठवडे तोच खुराक, तीच जागा आणि तेच सोबती ठेवावेत. शिंगकळ्या जाळणं, लसीकरण, गट बदलणं यांतलं काहीही त्या दोन आठवड्यांत करू नये. नंतर खाद्य बदलताना नवं खाद्य चौथा हिस्सा, मग अर्धं, मग पाऊण असं 7 ते 10 दिवसांत वाढवत न्यावं, आणि प्रत्येक वाढीनंतर दोन दिवस शेण पाहून मगच पुढचा हिस्सा वाढवावा.